टाकीचं नाक

विमानाच्या टाकीत उतरणारा माणूस अंगाने बारीक हवा आणि मनाने भित्रा हवा. बारीक मी जन्मतःच होते. भित्रं मला गुणवंतभाऊ डोये यांनी केलं. नागपूरच्या विमानतळाजवळच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये मी झाडूवाली म्हणून लागले होते. माझे खांदे पाहून भाऊंनी मला टाकीच्या कामावर ओढलं. टाकीचं तोंड परातीएवढं. त्यातून आत सरकायचं, तळ चिंध्यांनी पुसायचा, सांधे तपासायचे, गळती असेल तिथे सील भरायचं. पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाले, "वास येऊन राहिला तवर भ्यायचं नाही, बाई. वास यायचा बंद झाला का भ्यायचं अन् बाहेर यायचं. आधी नाक मरते, मंग माणूस."

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. पुढे गुडघे गेले आणि आत उतरणं थांबलं, पण टाकीचं काम सुटलं नाही. विमान निघण्यापूर्वी टाकी ठीक असल्याची जी सही लागते, ती करण्याचा परवाना मला मिळाला. मी अक्षरं शिकले चाळिशीनंतर. झाकणावरची सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि आत स्वतः उतरायचं, हे मला पटेना. माझी मुलगी संघमित्रा तेव्हा चौथीत होती. तिनेच शिकवलं. तिच्या हातात पट्टी असायची आणि ती खरंच मारायची.

आता ती केंद्रीय मंडळात विमानांच्या इंधन-टाक्यांचे नियम करते. घरी आम्ही तिला मित्रा म्हणतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंधन पेटतं. खरं तर पेटते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वाफ फार कमी असली तर पेटत नाही. फार जास्त झाली तर हवा पुरत नाही, म्हणून पेटत नाही. वाईट तो मधला पट्टा. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा तळाशी थोडं इंधन उरलेली आणि खालून शेकणारी टाकी जास्त धोक्याची. विमानाच्या पोटात, दोन पंखांच्या मधोमध, अशी एक टाकी असते. प्रवाशांना गार हवा देणारी यंत्रं नेमकी तिच्या खाली बसवलेली असतात. वर माणसांना गारवा मिळतो आणि खाली टाकीला शेक लागतो.

यावर उपाय फार पूर्वीच निघाला होता. हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. तो बारावर आणला की ठिणगी पडली तरी वाफ पेटत नाही. म्हणून विमानात एक गाळणी बसवतात. इंजिनाची हवा तिच्यातून जाते, प्राणवायू बराचसा बाजूला निघतो आणि उरलेली हवा टाकीत सोडतात. पण गाळणी चालते ती इंजिन चालू असताना. मे महिन्यात अठ्ठेचाळीस अंशांत विमान दोन-तीन तास उभं राहिलं, की टाकीत बाहेरची हवा शिरते आणि तळाचं इंधन तापत राहतं. गाळणी बिघडली तरी काही दिवस उडायची मुभा होती. कारण जुना नियम सरासरीचा होता. सगळ्या विमानांची, सगळ्या वर्षाची सरासरी काढायची. ती मर्यादेखाली असली की झालं.

मित्राने या सरासरीशी सहा वर्षं भांडण केलं. "सरासरीत कोणी बसत नाही, आई," ती म्हणायची, "लोक विमानात बसतात. त्यांच्या खालच्या टाकीत आत्ता, या मिनिटाला काय चाललंय ते सांगा."

ते सांगणारी वस्तू शेवटी तयार झाली. नखाएवढी पातळ टिकली. तिच्यावरच्या थरावर उजेड पाडला की वाफ आणि प्राणवायू यांच्या प्रमाणात त्याचा रंग बदलतो, आणि काचेचा एक बारीक तंतू तो रंग बाहेर आणतो. टाकीत वीज जात नाही, फक्त उजेड जातो. बाहेर पाटीवर शून्य ते दहा असा आकडा दिसतो. तीनच्या खाली हिरवा, वर लाल. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. आम्ही तिला नाक म्हणायचो.

मित्राचा नियम दोन ओळींचा होता. नाक लाल असेल तर विमान जागचं हलणार नाही. आणि हिरव्या आकड्याखाली एका माणसाची सही हवी. वर्षभर पाच ठिकाणी चाचणी ठरली. नागपूर त्यात होतं, कारण नागपूर तापतं. इथे जमलं तर देशात कुठेही जमेल, असा मंडळाचा हिशोब. आमच्या तळावरची सही माझी होती. मायलेकी एकाच कामावर कशा, असं कोणी तरी विचारलं. तेव्हा मित्राने लेखी दिलं की या तळाची तपासणी ती एकटी करणार नाही, तिच्याबरोबर दुसरा अधिकारी असेल.

एप्रिल संपला आणि नाकं लाल व्हायला लागली. दुपारी बारा ते पाच एकही विमान हलेना. तळाचे व्यवस्थापक काळबांडे साहेब डोक्याला ओला रुमाल बांधून फिरत होते.

"पंचफुलाबाई, तुमच्या पोरीनं आमचं दुकान बंद करायचं ठरवलं का?"

"पोरीनं नाही साहेब, उन्हानं."

"मग उन्हाले सांगा नं काही!"

माझ्या डोक्यात घरचा कूलर आला. दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊंनी कूलरला लावतात तसे वाळ्याचे बारा पडदे आणले, भिजवले, पंखाच्या मुळाशी खालून सगळीकडे टेकवले आणि दोन्ही बाजूंनी मोठे पंखे सोडले. हँगरभर वाळ्याचा वास सुटला. तासाभरात आकडा सातवरून अडीचवर आला. हिरवा! काळबांडे साहेबांनी मला हात जोडले. चाचणीच्या आठवड्याच्या पत्रकात माझा आणि भाऊंचा फोटो छापला, मागे ओले पडदे. दुसऱ्या एका चाचणी-तळावरून फोन आला, वाळा नागपूरचाच लागतो की कुठलाही चालेल म्हणून.

मित्राही खूश होती. "नियमात गार कसं करायचं ते लिहिलेलंच नाही. करा की," ती म्हणाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाण्याचा टँकर उशिरा यायला लागला. बारा पडदे भिजवायला पाणी पुरेना. भाऊंनी आठ लावले, तरी आकडा हिरवा. मग पाच. मग एके दिवशी ते हसत आले. "बाई, कायले मेहनत करून राहिलो आपण? नाकं बसवलेत तिथंच दोन पडदे लावले का काम होते. लवकरच होते उलट!" खरंच होत होतं. नाकं टाकीच्या तोंडाजवळ होती, बदलायला सोपी पडावीत म्हणून नकाशातच तशी दाखवलेली. आतल्या भिंतीवर ती मीच बसवून घेतली होती, त्यामुळे कुठे आहेत हे आम्हाला डोळे मिटून सांगता आलं असतं. दोन पडदे, वीस मिनिटं, हिरवा आकडा, माझी सही. विमान जायचं.

बारा पडद्यांपासून दोन पडद्यांपर्यंत एकूण एकेचाळीस सह्या मी केल्या.

बेचाळिसाव्या वेळी दुपारचे अडीच वाजले होते. एकशे साठ प्रवासी बसायचे होते. पडदे लागले होते, पाटीवर दोन पूर्णांक एक होता. पोटाखाली इंधनासारखा एक ओला डाग दिसला म्हणून मी जवळ गेले. डाग पडद्याच्या पाण्याचा निघाला. पण तो तपासताना मी सवयीने तळव्याची मागची बाजू पत्र्यावर फिरवली. पडद्याखाली पत्रा माठासारखा गार होता. तिथून हात पुढे सरकवला, वीतभर, दोन वीत. मी हात झटकन मागे घेतला. तवा.

"भाऊ, हे पडदे इकडे सरकवा."

"काहून? तिकडं तं नाकं नाहीत."

"म्हणूनच."

पडदे चार हात सरकवले. आम्ही दोघं पाटीकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटांत आकडा चारवर गेला, पंधरा मिनिटांत सातवर. पडदे पुन्हा नाकांपाशी आणले. हळूहळू दोनवर. टाकी तीच, इंधन तेच. आम्ही टाकीला गार करत नव्हतो. आम्ही नाकाला गार करत होतो. थंड पत्र्याजवळ वाफेचे पुन्हा थेंब होऊन ती कमी व्हायची आणि टिकलीला वाटायचं सगळीकडे असंच आहे. कूलरपुढे बसलेल्या माणसाने घर गार झालं म्हणावं, तसं.

भाऊंनी पडद्याची ओली कड हातातून सोडली. मग म्हणाले, "अन् आधीचे?"

"आधीचे गेले. पोचले."

"पोचले नं?"

"पोचले, भाऊ. ठिणगी पडली नाही म्हणून पोचले. आपल्यामुळं नाही."

मी सही केली नाही.

काळबांडे साहेब धावत आले. "नाक हिरवं आहे बाप्पा! काय अडलं?"

"नाक हिरवं आहे साहेब. टाकी लाल आहे."

मी त्यांचा हात धरून पत्र्यावर टेकवला. ते ओरडले. मग खाली बसले. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी विमान थांबवलं, प्रवासी परत पाठवले आणि त्यांच्या शिव्याही स्वतः खाल्ल्या. पण संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणला.

"उद्यापासून बाराच्या बारा पडदे लावू. पाहिजे तर वीस. पण मागचं उकरून काय फायदा? परवा मित्राची दिल्लीला सुनावणी आहे. नागपूरचे एकेचाळीस हिरवे आकडे घेऊन चालली ती. विमान कंपन्या म्हणून राहिल्या का गरम शहरात हा नियम पाळताच येत नाही. तिच्या हातात तुमचे आकडे आहेत म्हणून तं ती जिंकणार. तुम्ही बोलल्या का नियमच जाईल, बाई. मग सगळ्याच टाक्या लाल राहतील. सांगा, कोणाचं भलं झालं?"

घरी जाताना हे वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. त्यात तथ्य होतं, म्हणून ते जड होतं. मी बोलले तर माझा परवाना जाणार होता, ते एक वेळ चाललं असतं. पण मित्राची सहा वर्षं जाणार होती. नाही बोलले तर खोट्या आकड्यांवर देशाचा नियम उभा राहणार होता. आणि कुठल्या तरी दुसऱ्या तळावर, माझा पत्रकातला फोटो बघून, कोणी तरी नाकापुढे दोन ओले पडदे धरणार होतं. फोन तर आलेलाच होता.

मित्रा जमिनीवर बसून बॅग भरत होती. भोवती कागद. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पडदे बारावरून दोनवर कसे आले तेही, हात कसा भाजला तेही.

ती कपड्याची घडी घालायची थांबली नाही. घडी झाली, तिने ती उलगडली, पुन्हा घातली.

"किती सह्या?"

"एकेचाळीस."

"दोन पडद्यांच्या किती?"

"सोळा. बाकीच्यांचंही काही खरं नाही."

"तुला कळलं नाही? एकतीस वर्षं टाकीत काढली आणि तुला कळलं नाही, आई?"

"आकडा हिरवा दिसून राहिला होता. मी आकड्याकडं पाहिलं, टाकीकडं नाही पाहिलं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. ती रागावली की भांडी घासते, लहानपणापासून. मी कागद गोळा करून रास नीट लावली. बऱ्याच वेळाने ती ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

"उद्या तुझा परवाना मला थांबवावा लागेल. दुसरे अधिकारी येतील, पण कागदावर माझं नाव असेल."

"थांबव."

"तू काही बोलणार नाहीस? भांडणार नाहीस?"

"तू पट्टी मारायची तेव्हा भांडली का मी?"

ती हसली नाही. पण माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझा भाजलेला हात उलटा करून पाहिला. मग एकदम म्हणाली, "गरम कुठे होता पत्रा? नेमका? दाखव." आणि कागदाच्या मागच्या बाजूला टाकीचं चित्र काढून तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. मी खुणा केल्या. गार हवेची यंत्रं जिथे असतात बरोबर त्याच्यावर. ती त्या खुणांकडे बघत राहिली.

"यंत्रं," ती म्हणाली. "विमान उभं असताना ही यंत्रं चालवायचीच कशाला? बाहेरून गार हवा आणून दिली तर?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता माझा परवाना थांबला. साडेदहा वाजता त्याच विमानात, मी खुणा केल्या तिथे, आणखी सहा नाकं बसवायला घेतली. टाकी मोकळी केली, वारा दिला, आतली हवा मोजली, मग एक बारीकशी मुलगी आत उतरली. मी परवाना नसल्यामुळे पिवळ्या रेषेबाहेर खुर्चीवर बसून होते. भाऊ तिला म्हणाले, "वास यायचा बंद झाला का—" आणि ती म्हणाली, "माहीत आहे काका, सगळे तेच सांगतात."

दुपारी विमान उन्हात उभं केलं. पडदे नाहीत. विमानाची स्वतःची यंत्रं बंद. त्याऐवजी गार हवा देणारी एक गाडी आणून तिची जाड नळी पोटाला जोडली. ही गाडी तळावर दहा वर्षं होती. वापरायला कंटाळा म्हणून कोपऱ्यात धूळ खात होती. दोन तासांनी आकडे पाहिले. सगळ्यात गरम नाक चार पूर्णांक दोन. लालच, पण आदल्या दिवशी त्या जागी काय असेल याचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला. साडेचारला ते तीनखाली आलं. काळबांडे साहेबांनी हिशोब मांडला. दुपारचे पाच तास नाही, दोन-अडीच तास विमानं थांबवावी लागतील, आणि तीही मे-जून. "हे जमते," ते स्वतःशीच म्हणाले. "हे तं जमते नं बाप्पा."

संध्याकाळी मित्रा म्हणाली, "तूही चल दिल्लीला. चुकीचे आकडे कसे निघाले ते मी सांगितलं तर ते मला दहा प्रश्न विचारतील. तू सांगितलंस तर कळेल."

दिल्लीच्या सुनावणीचं फार सांगण्यासारखं नाही. मोठी खोली, गार हवा, समोर नऊ माणसं. मी पडद्यांचं सांगितलं. कंपन्यांचे वकील आधी खूश झाले. त्यांना वाटलं नियम मेला. मग मित्राने नव्या दिवसाचे आकडे ठेवले. अध्यक्षबाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर आम्हाला कधी समजलं असतं?"

"कदाचित कधीच नाही," मी म्हटलं. "किंवा मग सगळ्या जगालाच एकदम."

त्यांनी चष्मा परत लावला आणि माझं वाक्य लिहून घेतलं.

नियम गेला नाही. लांब झाला. दोन ओळींचा नऊ ओळींचा झाला. नाकं सगळ्यात गरम जागी हवीत. उभ्या विमानाला गार हवा बाहेरूनच द्यायची. नाकाजवळच्या पत्र्याला काहीही लावायचं नाही, ओलं किंवा कोरडं. ही शेवटची ओळ भाऊंना पाठ आहे. ते ती लोकांना आपलीच म्हणून सांगतात. माझा परवाना सहा महिन्यांनी, परीक्षा घेऊन, परत मिळणार असं ठरलं.

परतीचं विमान चार दिवसांनी, दुपारी दोनला होतं. दिल्लीही चाचणीच्या पाच ठिकाणांत होती, आणि नव्या नऊ ओळी तिथे लगेच लागू झाल्या होत्या. येताना आम्ही रेल्वेने आलो होतो. विमानात बसायची माझी ही पहिली वेळ. एकतीस वर्षं मी विमानांच्या पोटात शिरले, पण वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते. मित्राने मला चौदाव्या रांगेत खिडकी दिली. रांग मोजूनच मला समजलं की मी कुठे बसले आहे. टाकी बरोबर माझ्या पायांखाली होती.

दोन वाजले, सव्वादोन झाले. विमान हलेना. आतला गारवा बेताचाच होता. माणसं कागदाने वारा घेऊ लागली. पलीकडच्या खुर्चीतले एक गृहस्थ, नागपूरचेच, घड्याळ बघून बघून लाल झाले होते.

"काहून थांबवून ठेवलं हो यांनी? इंजिन चांगलं दिसून राहिलं."

हवाई सुंदरी म्हणाली, "सर, टाकीचा आकडा यायचाय."

"कोणत्या शहाण्यानं काढले असे नियम? घरी काही काम नाही वाटते त्याले!"

मित्राने मासिक डोळ्यांसमोर धरलं. तिचे खांदे हलत होते.

"तिले," मी म्हटलं.

"काय?"

"शहाणा नाही. शहाणी आहे. अन् घरी तिले खूप काम असते, पण ती करत नाही."

मासिकामागून कोपर आलं आणि माझ्या बरगडीला लागलं. गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना वाफेचं सांगितलं, कमी आणि जास्त आणि मधल्या पट्ट्याचं. आपण कुठे बसलो आहोत तेही सांगितलं. त्यांनी पाय थोडे वर उचलले. मग उचलून काही उपयोग नाही हे लक्षात येऊन खाली ठेवले.

"मग अजून किती वेळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"हिरवा होईल तवर."

"होऊ द्या, होऊ द्या," ते म्हणाले. "आपल्याले काही घाई नाही."

तीनला दहा कमी असताना खाली कुठे तरी गार हवेची नळी सुटल्याचा खट् असा आवाज झाला. तो आवाज कशाचा, ते त्या विमानात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. खाली उन्हात, मला कधी न भेटलेल्या कुणी तरी आकडा पाहिला असेल आणि सही केली असेल. विमान सरकलं. मी पट्टा घट्ट केला आणि खिडकीला कपाळ लावलं. मित्रा तोवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, चौथीतल्यासारखी.